चूक शिकणाऱ्याची

मास्तरांच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी कधी बंद पडत नसे. शिकणारा ती बंद पाडत असे. हा फरक मास्तर प्रत्येकाला पहिल्याच दिवशी समजावून सांगत आणि मग त्याच्या नावाचं एक कार्ड बनवत. फेरी संपली की त्या दिवशीच्या चुका कार्डावर तारीखवार उतरायच्या आणि खाली मास्तरांची ऐसपैस सही व्हायची. गाडी थांबली असेल तर शेरा ठरलेला: ‘गाडी बंद. चूक शिकणाऱ्याची.’ बावीस वर्षं हा कारखाना बिनबोभाट चालला होता. स्वतःच्या नावाचं कार्ड मास्तरांनी कधी बनवलं नाही, कारण तशी वेळच आली नव्हती असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

चार महिन्यांपूर्वी स्कूलमध्ये नवी कोरी गाडी आली. शोरूमवाल्यांनीच मास्तरांच्या पायाशी जादाचे क्लच आणि ब्रेक बसवून दिले. सीटवरचं प्लास्टिक मास्तरांनी महिनाभर कुणाला काढू दिलं नाही. शिकणारे त्यावरून घसरत घसरत गिअर टाकायला शिकले. आणि नव्या गाडीबरोबर कार्डांवरचे ‘गाडी बंद’ भराभर वाढले. मास्तरांनी यावरून निष्कर्ष काढला की हल्लीच्या माणसांचं लक्षच ठिकाणावर नसतं.

या शिकणाऱ्यांत मास्तरांच्या बायकोची बहीणही होती. वय छत्तीस, पण घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. ती नर्स होती आणि अकरा वर्षं रात्रपाळी करत होती. नवरा परगावी नोकरीला, त्यामुळे तिची आठ वर्षांची मुलगी रोज मास्तरांच्या घरी झोपायची आणि सकाळी आई न्यायला आली की तिच्याशी तासभर बोलायची नाही. आता धाकटीला दिवसाची नोकरी मिळत होती. घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना पाहायचं होतं, त्यासाठी ऑफिसची गाडी मिळणार होती आणि म्हणून परवाना हवा होता. पुढच्या महिनाअखेरपर्यंत जागा तिच्यासाठी ठेवतो, त्यापुढे नाही, असं त्या ऑफिसने स्वच्छ सांगितलं होतं.

परीक्षेत धाकटी दोनदा नापास झाली. दोन्ही वेळा गाडी एकाच ठिकाणी बंद पडली: पहिल्या गिअरमध्ये, अगदी सावकाश, पूर्ण वळण घेताना. दोन्ही वेळा मास्तर फाटकाबाहेर कपाळाला हात लावून उभे होते.

“तुझा पायच कच्चा आहे,” दुसऱ्या दिवशी चहा पिताना त्यांनी पुन्हा तोच निकाल दिला. “क्लच सोडायला पाय हलका लागतो. तो असतो किंवा नसतो.”

धाकटीने खाली मान घालून रिकामे कप गोळा केले. तिच्या कार्डावर तोवर ‘गाडी बंद’ नऊदा आलं होतं. मास्तरांची बायको मात्र बोलली. “रात्रभर पेशंटच्या शिरा शोधते ती. हात हलका आणि पाय तेवढा जड?” मास्तरांनी पेपर उघडला. घरच्या माणसांना गाडीतलं काही कळत नाही, यावर त्यांचा विश्वास होता.

हा विश्वास मोडला तो एका निवृत्त बसड्रायव्हरने. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर हात पुन्हा बसावा म्हणून तो चार दिवस फेऱ्या मारायला आला होता. मैदानाच्या कोपऱ्यावर त्याने वळण घेतलं आणि गाडी बंद पडली. पुन्हा घेतलं, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा मास्तरांनी खिशातून पेन काढलं.

“ते पेन ठेवा आत,” बसड्रायव्हर म्हणाला. “एकतीस वर्षं बस चालवली मी. मी गाडी मारत नाहीये, मास्तर. गाडी मरतेय.”

“मी रोज चालवतो हीच गाडी. माझ्या हातून एकदाही बंद पडली नाही.”

“तुमच्या पायामुळे नाही पडत. वळताना तुमचा पाय ॲक्सिलरेटरला गुदगुल्या करतो. मघाशी तुम्ही चालवत होतात तेव्हाच पाहिलं. आता उजवा पाय तिथून काढा, टाच खाली टेकवा आणि घ्या वळण.”

मास्तरांनी जागा बदलली, टाच टेकवली, क्लच सोडत वळण घेतलं. गाडीने एक आचका दिला आणि ती गप्प झाली. मास्तरांनी पाच वेळा करून पाहिलं आणि पाचही वेळा तसंच झालं. बसड्रायव्हर खिडकीतून बाहेर बघत बसला.

गाडी वॉरंटीत होती, तेव्हा मास्तर ताठ मानेने सर्व्हिस सेंटरला गेले. तिथल्या मेकॅनिकने चक्कर मारली आणि गाडी ठणठणीत असल्याचं सांगितलं. त्याचाही पाय मास्तरांसारखाच सराईत होता. त्यालाही गुदगुल्या करायची खोड होती. मास्तरांनी टाच टेकवून दाखवली तेव्हा सेंटरवाल्यांनी एक पार्ट बदलला. चार दिवसांनी गाडी पुन्हा तशीच वागली. त्यांनी तोच पार्ट पुन्हा बदलला. तिसऱ्या खेपेला काउंटरवरच्या मुलीने गोड आवाजात सांगितलं की शिकाऊ लोकांच्या हातात गाडी बंद पडणारच. मास्तर चिडले, कारण हे वाक्य त्यांचं स्वतःचं होतं.

“गाडी बदलून पाहिजे,” मास्तर म्हणाले. मग चिठ्ठ्या झाल्या, फोन झाले, या टेबलावरून त्या टेबलावर टोलवाटोलवी झाली आणि शेवटी कंपनीचा एक साहेब स्कूलमध्ये आला. बारीक अंगाचा, सभ्य माणूस होता. त्याने पाणी मागितलं आणि विचारलं, “तुमच्याकडे काही नोंदी आहेत का? केव्हा बंद पडली, किती वेळा?”

मास्तरांचा चेहरा खुलला. नोंदी? त्यांनी कार्डांचा गठ्ठाच पुढे ठेवला. साहेबाने चष्मा लावला आणि कार्डं एकेक करून वाचायला घेतली. वाचायला त्याला अर्धा तास लागला.

“फार व्यवस्थित ठेवल्यात,” साहेब म्हणाला. “नवी गाडी घेतल्यापासून एकसष्ट वेळा बंद पडली. आणि एकसष्ट वेळा तुम्ही लिहिलंय, चूक शिकणाऱ्याची. खाली तुमची सही आहे.”

“ती आमची लिहायची पद्धत आहे.”

“असेल. पण कंपनीने स्वतः लिहून घेतलं असतं तरी इतकं चांगलं लिहिता आलं नसतं.” साहेबाने गठ्ठा अगदी अदबीने परत केला. “तेव्हा चुकला होतात की आता चुकताय, एवढं मला सांगा. लेखी सांगा. प्रत्येक नोंदीपुढे. त्या-त्या माणसाची सही घेऊन. मग मी वरून इंजिनिअर मागवतो.”

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. कंपनीशी भांडायला त्यांची ना नव्हती; पण हे म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःचे कान धरण्यापैकी होतं, तेही एकसष्ट वेळा. त्यांनी दोन दिवस काहीच केलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी धाकटीची मुलगी कॅलेंडरवर बोटं टेकवत दिवस मोजताना दिसली. महिनाअखेरीला सोळा दिवस होते. तारखा कमी व्हाव्यात म्हणून मोजतेय की वाढाव्यात म्हणून, हे मास्तरांना कळेना. त्यांनी गठ्ठा पिशवीत घातला आणि निघाले.

कार्डं तेवीस माणसांची होती. मास्तर सलूनमध्ये गेले, शाळेच्या स्टाफरूममध्ये गेले, एका बेकरीच्या मागल्या दाराशी उभे राहिले. जिथे जिथे ‘चूक शिकणाऱ्याची’ होतं, तिथे ती ओळ खोडून त्यांनी लिहिलं, ‘चूक गाडीची. शेरा माझ्याकडून चुकीचा लिहिला गेला.’ न्हावी इतका हसला की अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक खुर्चीत वळून बघू लागलं. बेकरीवाल्याने सही केली आणि कार्ड परत देताना तो म्हणाला, “मी बायकोला सांगितलं होतं, मला जमणार नाही म्हणून. शिकणं सोडूनच दिलं मी.” मास्तर त्याला उद्यापासून फुकट शिकवायला तयार होते. तो म्हणाला, आता नको.

सगळ्यांत शेवटी ते धाकटीकडे गेले. तिने नऊही ओळी वाचल्या. खोडलेल्या वाचल्या, नव्या वाचल्या. मग भांडी घासलेला हात पुसून नऊ सह्या केल्या.

“काही बोलायचंय का?” मास्तरांनी विचारलं. आपण माफी मागायला आलो आहोत आणि मागत नाही आहोत, हे त्यांना कळत होतं.

“इंजिनिअर कधी येणार?” धाकटीने विचारलं.

इंजिनिअर चार दिवसांनी आला. त्याने गाडीच्या आत वायरी जोडल्या, मांडीवर एक यंत्र घेतलं आणि म्हणाला, “चालवायला कुणीतरी शिकणारंच द्या. तुम्ही नको.” मास्तरांनी धाकटीला बोलावलं. रात्रपाळी करून ती सरळ आली होती, डोळे लाल होते. मास्तर मैदानात पहिल्यांदाच गाडीबाहेर उभे राहिले आणि गाडी बंद पडावी म्हणून मनातल्या मनात विनवण्या करू लागले. गाडीने सहा वळणांत चारदा मान टाकली.

इंजिनिअर उतरला. वळताना इंजिनला जो जादा जोर आपोआप मिळायला हवा तो मिळतच नाही, असं त्याने सांगितलं. दोष मुळातलाच आहे, पार्ट कितीही बदलले तरी जायचा नाही. “आणि बाईंचा पाय उत्तम आहे,” तो यंत्र पेटीत ठेवताना म्हणाला. “इतका एकसारखा क्लच सोडणारी माणसं आम्हाला चाचणीला मिळत नाहीत. त्या तो अगदी एकसारखा सोडतात, म्हणून तर दोष स्पष्ट दिसला.”

मास्तरांनी मान हलवली.

कंपनीने गाडी बदलून दिली. साहेबाने स्वतः फोन करून कळवलं आणि अभिनंदनही केलं. रंग मात्र आधीचा मिळाला नाही. महिना संपायला पाच दिवस असताना ती गाडी आली आणि तीन दिवस असताना धाकटीची परीक्षा झाली. मधल्या दोन दिवसांत ती सकाळ-संध्याकाळ मैदानात वळणं घेत राहिली. गाडी एकदाही थांबली नाही. धाकटी मात्र प्रत्येक वळणाआधी मास्तरांकडे बघून विचारायची, “सोडू?” मास्तर म्हणायचे, “सोड.” संध्याकाळपर्यंत ते ऐकून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी उत्तर देणं बंद केलं, तेव्हा हळूहळू तिचं विचारणंही थांबलं.

परीक्षेच्या दिवशी मास्तर नेहमीच्या जागी, फाटकाबाहेर उभे राहिले. गाडी कोपऱ्यावर आली, मुंगीच्या पावलांनी वळली आणि सरळ झाली. पुढचं सगळं सोपं होतं. अर्ध्या तासाने धाकटी हातात कागद घेऊन बाहेर आली. पास झाली होती. नोकरीची जागा हातची गेली नव्हती.

मास्तरांना आनंद झाला, आणि आनंद झाला की त्यांची जीभ सुटायची. “बघ! गाडी चांगली असली की कसं होतं! तेव्हाच कुणाला तरी शंका यायला हवी होती. परीक्षा घेणारे रोज शंभर गाड्या बघतात, त्यांनाही कळू नये?”

“कळलं होतं त्यांना,” धाकटी म्हणाली.

“काय?”

“मागच्या वेळी, दुसऱ्या परीक्षेत. गाडी बंद पडल्यावर परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी विचारलं मला. म्हणाले, बाई, हा गाडीचा दोष वाटतो. तसं असेल तर सांगा, दुसऱ्या गाडीवर घेतो तुमची परीक्षा.”

“मग तू काय म्हणालीस?”

“नाही म्हणाले.” ती कागदाची घडी करत होती. “म्हटलं, गाडी नवी आहे आणि आमच्या भावोजींची आहे. ते बावीस वर्षं शिकवतात. माझाच पाय कच्चा आहे.”

कंपनीच्या साहेबापुढे मास्तरांना राग आला होता, तेवीस दारांत अपमान वाटला होता. आता त्यांना लाज वाटली. ती इतकी वाटली की धाकटीकडे बघवेना. समोरच्या रस्त्यावरून वाहनं जात होती, त्यांच्याकडे ते बघत राहिले.

“चुकलो मी,” ते म्हणाले. हे लिहून दिलेलं नव्हतं.

धाकटी गाडीत बसली. सीट पुढे घेतली, आरसा आपल्या डोळ्यांच्या उंचीला आणला आणि चावी फिरवली.

“बसा, भावोजी,” ती म्हणाली. “शाळा सुटायची वेळ झाली. आज लेकीला न्यायला मी जातेय.”