एका ओळीने चुकलेली रेघ

मी फूटपट्टी बोलतेय. बारा इंच लाकूड आणि एका काठाला पितळेची पातळ पट्टी, एवढाच माझा जीव. सुताराने मला तासून गुळगुळीत केलं, दुकानात दोन महिने मी धूळ खाल्ली आणि मग वॉर्ड ऑफिसातल्या मतदार नोंदणीच्या टेबलावर येऊन पडले.

माझा मालक नोंदणी कारकून. नाकासमोर चालणारा, मोजकं बोलणारा माणूस. आजूबाजूला कोणी नसलं की माझ्याने पाठ खाजवायचा, तेवढाच काय तो वात्रटपणा. नवा अर्ज आला की नाव, वय आणि घर क्रमांक तो मोठ्या वहीत उतरवायचा. एका घरातली माणसं एकाखाली एक. कोणी वारलं की मृत्यूनोंदीच्या खिडकीतून चिठ्ठी यायची. मग मला त्या नावावर आडवी धरून तो लाल शाईने रेघ ओढायचा आणि चिठ्ठीशी दोनदा ताडून बघायचा. अठरा वर्षांत आमची एकही रेघ चुकली नव्हती. मला त्याचा तोरा होता, खोटं कशाला सांगू?

माणसांची एक सवय मला कधी कळली नाही. कच्ची यादी पंधरा दिवस बाहेरच्या भिंतीवर लागते, लोक तिच्यासमोर उभे राहून गप्पा मारतात, पण स्वतःचं नाव बघत नाहीत. याला अपवाद एकच, कारकुनाची बायको. ती दरवेळी यायची आणि आपल्या घरातल्या सगळ्यांची नावं बोट ठेवून वाचायची.

एकदा ती आपल्या घराच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शिवणताईंना हाताला धरून घेऊन आली. शिवणताई म्हणजे चष्म्याला दोरी बांधलेल्या, साठी ओलांडलेल्या, घरोघरचे कपडे शिवणाऱ्या बाई. त्यांनी जन्मात मत दिलं नव्हतं. कागदावर नाव गेलं की मागे काहीतरी झेंगट लागतं, अशी त्यांची पक्की समजूत. दोन वर्षं समजूत घालून बायकोने त्यांना खिडकीपर्यंत आणलं होतं.

"ताई, करा सही. आपण दोघी बरोबर जाऊ मत द्यायला."

"करते गं बाई! पण कुणाला देणार ते तुलासुद्धा सांगायची नाही हं."

"नका सांगू. मी विचारलंय का?"

दोघी खळखळून हसल्या. कारकुनाने मला खाली धरून, बायकोच्या नावाखालच्या ओळीत, शिवणताईंचं नाव लिहिलं. त्याचं अक्षर त्या दिवशी फार सुरेख आलं होतं.

निवडणुकीला चार महिने उरले असताना कारकुनाची बायको गेली. तीन दिवसांचा ताप, आणि संपलं सगळं. तो कामावर परतला, तेव्हा चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात तिची चिठ्ठी होती. शेजारचा लिपिक म्हणाला, "द्या इकडे, मी करतो." हा म्हणाला, "नको. माझंच काम आहे."

त्याने मला वहीवर ठेवलं. त्याचे डोळे भरले होते, आणि त्याच्या हाताखाली मी एक ओळ खाली घसरले. मला कळलं हो! पण मला तोंड कुठे होतं? रेघ ओढली गेली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने ताडून न बघता पान उलटलं. पुढे यादी भिंतीवर लागली, पण बोट ठेवून वाचणारी आता नव्हती.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या खोलीत आम्ही यादी घेऊन बसलो होतो. शिवणताई सकाळीच आल्या. अंगात निळ्या ठिपक्यांचं नवं पोलकं होतं. त्याच कापडाचं दुसरं त्यांनी कारकुनाच्या बायकोसाठी शिवून ठेवलं होतं.

"भाऊ, आले बरं का मी. तिला शब्द दिला होता."

कारकुनाने मला यादीवर ठेवलं आणि तो थिजला. केंद्रप्रमुख वाकून म्हणाले, "हे नाव वगळलंय. कारण, मृत्यू."

"मेले? मी? अहो, जिना चढून आलेय!"

रांगेत हशा पिकला. कारकून मात्र मान खाली घालून वरच्या ओळीकडे बघत होता. तिथे त्याच्या बायकोचं नाव होतं, स्वच्छ, रेघेशिवाय. शिवणताईंनी चष्मा वर केला आणि त्यांनाही ते दिसलं.

"तिचं आहे की. मी तिच्या नावावर देऊ?"

"तसं नाही चालत, ताई."

"ही रेघ तुम्ही ओढलीत?"

"हो."

"रडत होतात का हो तेव्हा?"

त्याने होकारार्थी मान हलवली. त्या म्हणाल्या, "असू दे, भाऊ," आणि मत न देताच जिना उतरून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्याने बायकोच्या नावावर रेघ ओढली. या खेपेला मी तसूभरही हलले नाही. मग शिवणताईंचं नाव परत घालायला तो तीनदा अर्ज घेऊन त्यांच्याकडे गेला. तिन्ही वेळा अर्ज कोरा परत आला आणि ड्रॉवरमध्ये माझ्याशेजारी पडला. "आता कुणाबरोबर जाऊ?" असं त्या म्हणाल्या, एवढंच त्याने लिपिकाला सांगितलं.

दोन वर्षांनी मृत्यूनोंदीच्या खिडकीतून शिवणताईंच्या नावाची चिठ्ठी आली. कारकुनाने मला बाहेर काढलं, पान उघडलं, मला त्या नावावर धरलं. लाल रेघ तिथे आधीच होती. आम्हाला करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. तो मला तसाच धरून बसला, आणि माझ्यावर दोन थेंब पडले.

आता याद्या यंत्रातून निघतात. कारकून निवृत्त झाला, मी त्या ड्रॉवरमध्येच आहे. पितळ काळं पडलंय. शिवणताई कुणाला मत देणार होत्या, ते कुणालाच कळलं नाही.

माझं एवढं ऐका. भिंतीवर यादी लागली की थांबा, आणि बोट ठेवून आपलं नाव वाचा. वाचून झालं की शेजारणीचंही वाचा.