मावशीच्या घड्याळात सहा वाजेपर्यंत

मावशी पैज हरली. पंच मीच होतो, त्यामुळे निकाल अधिकृत आहे.

आता हे वाक्य खोडलं असं समजा. असं काहीही झालेलं नाही. मावशी हरली नाही, ती तसलं काही बोललीच नाही, आणि मी त्या वेळी टेबलापाशी नव्हतो. असलो तरी माझं सगळं लक्ष पुडिंगकडे होतं.

पैज कशाची, ते सांगतो. माझी मावशी दोन खोल्यांच्या घरात एकटी राहते. खाली छापखाना, वर ती. बाथरूमच्या दाराला एक कडी आहे, ती तिच्याशिवाय कुणालाच लागत नाही, त्यामुळे पाहुणे फार थांबत नाहीत. सगळी नोकरी तिने हॉस्पिटलात औषधांच्या खिडकीमागे काढली. काका गेल्यापासून दादाच्या, म्हणजे तिच्या मुलाच्या, डोक्यात एकच विषय: आईने खोल्या विकायच्या आणि आपल्याकडे राहायला यायचं. दादा वाईट माणूस नाही. तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहे. अडकलेल्या माणसांना बाहेर काढायची सवय लागली की पुढे पुढे माणसाला सगळेच अडकलेले दिसतात.

"आई, एकटीचे दिवस कसे जातात गं तुझे?"

"जातात. दिवसांना दुसरं काम काय असतं?"

"कंटाळा नाही येत?"

"नाही."

"थापा मारू नकोस. इथे खाली भाजीवाला आहे, शेजारीण आहे, म्हणून निभतंय. हे सगळं काढून घेतलं ना, दोन दिवसांत म्हणशील कंटाळा आला."

"काढून बघ," मावशी म्हणाली.

दुसऱ्या कुणी विषय तिथेच सोडला असता. दादाने जहाजाची तिकिटं काढली. एका किनाऱ्यावरून निघायचं आणि महासागर ओलांडून थेट दुसऱ्या किनाऱ्याला लागायचं, मधे एकही बंदर नाही. जहाज कंपनी अशा दिवसांना 'समुद्र-दिवस' म्हणते आणि माहितीपत्रकात त्यांच्यावर सूर्यास्ताचा फोटो छापते, कारण दुसरं काही छापण्यासारखं नसतं.

अटी ठरल्या. शेवटच्या समुद्र-दिवशी संध्याकाळी सहापर्यंत मावशीने एकदाही 'कंटाळा आला' म्हणायचं नाही. म्हणाली तर खोल्या विकायच्या आणि दादाकडे राहायला जायचं. नाही म्हणाली तर दादाने हा विषय जन्मात पुन्हा काढायचा नाही. पंच म्हणून मला सोबत घेतलं, कारण माझ्यावर दोघांचाही विश्वास नव्हता आणि तो नसणं अगदी समसमान होतं.

आमची केबिन तिघांची होती. दोन पलंग जमिनीवर, तिसरा छतातून खाली यायचा. त्यात मी. दादा सकाळी उठला की आधी गोल खिडकीपाशी जाऊन समुद्र जागेवर आहे का ते बघायचा. असायचा.

"कालचाच वाटतोय," तो म्हणायचा.

"तूही कालचाच आहेस," मावशी म्हणायची. "समुद्र काही बोलला का?"

जहाज पूर्वेकडे चाललं होतं, म्हणून घड्याळं पुढे करावी लागत. या जहाजावर ते काम दुपारी बाराला व्हायचं. कप्तान भोंगा वाजवून जाहीर करायचा की बारा वाजले आहेत, आणि त्याच दमात, की एक वाजला आहे. मग तो खाली पाणी किती खोल आहे ते सांगायचा, हे ऐकून कुणाला बरं वाटेल अशी त्याची का समजूत होती देव जाणे. लोक मुकाट्याने घड्याळाचे काटे फिरवायचे आणि जेवायला जायचे.

पहिल्या भोंग्याला मावशीने हात मागे घेतला.

"आई, पुढे घे एक तास."

"का?"

"सगळ्यांनी घेतलाय."

"माझी बीपीची गोळी सकाळी आठला असते. गोळीला समुद्र कळत नाही. आणि बारा ते एक हा माझा तास आहे. कप्तानाला हवा असेल तर त्याने मागायला यावं."

कप्तान आला नाही. मावशीने तास दिला नाही. पुढच्या भोंग्यालाही नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही. जहाज एकेक तास पुढे सरकत गेलं आणि मावशी जिथे होती तिथेच, घरच्या वेळेवर, पाय रोवून उभी राहिली. शेवटी शेवटी तिचं आणि जहाजाचं पाच तासांनी वाजलं होतं. लोक दुपारचं जेवायला यायचे तेव्हा तिचे सकाळचे आठ वाजलेले असायचे.

"मॅडम, आज मासे फार छान झालेत," वेटर म्हणायचा.

"सकाळी सकाळी मासे? चहा-टोस्ट आण बाळा. आणि गोळीला कोमट पाणी."

वेटर आधी चक्रावला. मग त्याने जुळवून घेतलं. सगळ्या हॉलला 'गुड आफ्टरनून' करत करत तो आमच्या टेबलापाशी यायचा, थांबायचा, आणि एकट्या मावशीला 'गुड मॉर्निंग' म्हणायचा. रात्रीच्या जेवणाच्या तिच्या वेळेला स्वयंपाकघर बंद असायचं, म्हणून तो आधीच एक डबा भरून द्यायचा. दादाने त्याला टोकलं, "तिला सवय लावू नका." वेटर म्हणाला, "साहेब, सवय मला लागलीये. या जहाजावर सकाळ फक्त त्यांच्याकडेच शिल्लक आहे."

इकडे दादाची हालत बघवत नव्हती. टॉवेलचे प्राणी करायचा वर्ग लावून त्याने एक हत्ती केला, तो सगळ्यांना कासव वाटला. नाचाच्या वर्गात त्याला जोडीदार म्हणून खांब मिळाला. शेवटी तो जहाजाच्या लिफ्ट तपासायला लागला. दार बंद व्हायला किती वेळ लागतो ते तो घड्याळ लावून मोजायचा आणि आत उभ्या असलेल्या लोकांना सांगायचा की हे बरोबर नाही. लोक जिन्याने जाऊ लागले. मग एक अधिकारी येऊन त्याला अदबीने म्हणाला की साहेब, आपण सुट्टीवर आहात.

"पंच," दादा मला डेकवर कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "मी म्हटलं तर चालतं ना?"

"पैज तुझ्यावर नाही."

"मग सांगतो. मला मरणाचा कंटाळा आलाय."

"नोंद घेतली."

"नोंद घेऊ नकोस रे! आईला कळायला नको."

आई म्हणजे मावशी वाचनालयाच्या खिडकीत बसून असायची. पुस्तक मांडीवर, बोट पानात, नजर पाण्यावर. पान उलटलेलं मी कधी पाहिलं नाही, पण पान उलटणं पैजेत नव्हतं. दादा दर थोड्या वेळाने समोर येऊन बसायचा.

"काय गं, कसं वाटतंय?"

"ओलं."

"तसं नाही. आतून."

"आतून कोरडं. पाणी आण."

एकदा तिने जांभई दिली. चांगली लांब, दाढा दिसतील अशी. दादा ताडकन उठला आणि माझ्याकडे अपील केलं. मी निर्णय दिला की जांभई हे शरीराचं वैयक्तिक मत आहे, त्याला मावशी जबाबदार नाही. एकदा तर तिने तोंड उघडलं, "कं..." म्हणाली आणि थांबली. दादा खुर्चीतून अर्धा उठला. मीही. "कंगवा कुठे ठेवलास रे माझा?" ती म्हणाली. कंगवा तिच्या हातातच होता. मी ते पाहिलं नाही.

मी पक्षपाती होतो का? होतो. मला त्या दोन खोल्या आवडतात. तिथे गेलं की कुणी विचारत नाही नोकरीचं काय झालं. मावशी दार उघडते, 'आलास?' म्हणते, आणि आपण आलेलो असतो.

शेवटचा समुद्र-दिवस उजाडला. उद्या सकाळी किनारा. संध्याकाळी आम्ही तिघं डेकवर उभे राहिलो. दादाच्या घड्याळात सहा वाजले. त्याने आणखी एक मिनिट जाऊ दिलं, आशा म्हणून. मग हात पुढे केला.

"जिंकलीस आई."

मावशीने हात मिळवला. तिच्या मनगटावर दुपारचा एक वाजला होता. ते तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नाही. मी इतका खूश होतो की मी समुद्राला हात हलवला.

साडेसातला आम्ही जेवायला बसलो. पांढरा टेबलक्लॉथ, कडक इस्त्रीचे नॅपकिन, वेटरने स्वतःहून आणलेलं पुडिंग. दादा पडलेल्या चेहऱ्याने सगळ्यांना वाढत होता. मावशीने खुर्चीला पाठ टेकली, चपला टेबलाखाली काढल्या, खिडकीतून त्याच त्या पाण्याकडे पाहिलं आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"बाई बाई बाई! काय कंटाळा आलाय!"

दादा हसला. मीही हसलो. पैज संपून दीड तास झाला होता. बिचारीने किती दिवस हे तोंडात धरून ठेवलं असेल.

मावशीने मनगटाकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला.

"अडीच," ती म्हणाली. "अडीचच वाजलेत. मी हरले."

"काय?"

"पैज सहापर्यंत होती. हरले मी."

"अगं सहा कधीच वाजले!" दादा म्हणाला. "मी हात नाही का मिळवला तुझ्याशी? तू जिंकलीस."

"कुणाचे सहा वाजले?"

"सगळ्यांचे!"

"माझे नाही वाजले. इतके दिवस मी एकही तास दिला नाही. गोळी माझ्या वेळेला, जेवण माझ्या वेळेला, आणि आता सोयीचं झालं म्हणून तुमचे सहा माझे? मग काटे पहिल्याच दिवशी फिरवले असते की."

"आई, खोल्या जातील!" हे दादा ओरडला. त्याचं त्यालाच कळलं नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी चमचा खाली ठेवला. "मी सांगतोय ना तू जिंकलीस. ए पंच, सांग हिला!"

दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो की मला काही ऐकू आलं नाही, मी पुडिंग खात होतो.

"पुडिंगचा आवाज होतो का रे मेल्या?" मावशी म्हणाली. "निकाल दे."

"मावशी, तू फक्त घड्याळ पाच तास पुढे कर. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. दादा मान्य करतोय, मी मान्य करतोय, कप्तान तर रोज भोंगा वाजवून मान्य करतो."

तिने घड्याळ मनगटावरून काढलं. टेबलावर ठेवलं. वेटर हातात सुरई घेऊन तिथेच थिजला होता. मी मनात म्हटलं, फिरव, फिरव, फिरव.

मावशीने मनगट खाजवलं आणि घड्याळ परत बांधलं.

"निकाल," ती म्हणाली.

"हरलीस," मी म्हणालो. पुडिंगची चवच गेली.

दादाने डोकं धरलं. जिंकलेला माणूस इतका रडवेला मी पहिल्यांदाच पाहत होतो. "मग आता... म्हणजे आता तू माझ्याकडे..."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"येत नाही. खोल्याही विकत नाही."

"अगं पण तू हरलीस ना?"

"हरले की. कोण नाही म्हणतंय? गावभर सांग. पैज हरले, शब्द मोडते, वाईट बाई आहे. लिहून घे हवं तर." तिने पुडिंगची वाटी स्वतःकडे ओढली. "आणि घरीही येतो मला कंटाळा. रोज येतो. दुपारी चारच्या सुमाराला येतो. मी तुला खोटं सांगत होते, कारण खरं सांगितलं की तू पेट्या भरायला माणसं पाठवशील. पण तो माझा कंटाळा आहे. मी त्याला चहा करते. तो बसतो, मग जातो. तुझ्या घरी मला तुमचा कंटाळा करावा लागेल, साडेसातला, सगळ्यांबरोबर, टीव्ही लावून."

दादाने नॅपकिनची घडी मोडली, परत घातली. मग म्हणाला, "मला तर रोज येतोय गं इथे. पहिल्या दिवसापासून."

"ठाऊक आहे. त्या हत्तीकडे बघूनच कळलं मला."

"तो हत्ती आहे हे तुला कळलं?"

"आई आहे मी तुझी," ती म्हणाली.

वेटरने तिच्या पेल्यात पाणी ओतलं आणि हळूच म्हणाला, "गुड आफ्टरनून, मॅडम." ती मान हलवून हसली.

मग दादाने खरी गोष्ट सांगितली. जिंकणारच या खात्रीने त्याने निघायच्या आधीच एजंटला खोल्या दाखवायची तारीख देऊन टाकली होती. आपल्या घरी आईच्या खोलीला रंगही काढायला घेतला होता, फिकट जांभळा. उद्या किनारा लागला की फोन लागणार. आधी एजंटला नाही म्हणायचं, मग बायकोला, मग रंगाऱ्याला.

"मला नाही म्हणता येत नाही गं," तो म्हणाला. "आमच्या धंद्यात अडकलेल्या माणसाला नाही म्हणत नाहीत."

"मग कप्तानाला किनारा पुढे ढकलायला सांग," मावशी म्हणाली. "चल, पंच, कागद आण. तेवढ्यात मी शिकवते याला. म्हण, नाही."

"ना... बघू," दादा म्हणाला.

"पुन्हा."

वेटरने ऑर्डर घ्यायच्या वहीतलं एक पान फाडून दिलं. माझं अक्षर बरं आहे म्हणून मी लिहिलं. तिघांनी सह्या केल्या, वेटरने साक्षीदार म्हणून केली, आणि पान घडी घालून कप्तानाच्या टेबलावर, मिठाच्या भांड्याखाली ठेवण्यात आलं:

प्रति, माननीय कप्तान साहेब.
विषय: उद्याचा किनारा पुढे ढकलणेबाबत.
महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय विनंती करण्यात येते की, अर्जदार क्रमांक एक या पैज हरलेल्या असून त्या निकाल मान्य करीत आहेत, मात्र त्याची अंमलबजावणी करण्यास त्यांचा ठाम नकार आहे. त्यामुळे अर्जदार क्रमांक दोन यांना किनारा लागताच दूरध्वनीवर 'नाही' असे म्हणावे लागणार असून त्यांचा सराव अद्याप 'बघू' येथपर्यंतच आला आहे. तरी सदर सराव पूर्ण होईपर्यंत किनारा आहे त्या जागेवरून थोडा मागे सरकवून घ्यावा, आणि केलेल्या कार्यवाहीची माहिती अर्जदार क्रमांक एक यांना त्यांच्या घड्याळाप्रमाणे सहाच्या आत कळवावी, ही नम्र विनंती.