अठराव्या पानावरचा नाईक

मी सैनिकी चित्रकथेचा एक जुना अंक बोलतोय. मुखपृष्ठावर छाती पुढे काढलेले कॅप्टनसाहेब होते. ते कधीच फाटून गेलं, कुणी विचारलंसुद्धा नाही. लोक विचारतात ते अठरावं पान. तिथं सुरुंग काढणारा नाईक शालिग्राम गुडघ्यांवर बसलाय, घामानं निथळतोय आणि म्हणतोय, "भीती वाटते, साहेब. तुम्ही मागे थांबा."

जबलपुरात दारूगोळ्याच्या एका कारखान्यासमोर भय्यासाहेबांच्या चहाच्या दुकानात मी वाढलो. आत जाताना खिशात काही न्यायचं नाही, काडेपेटी तर नाहीच. म्हणून कामगार आपलं सामान भय्यासाहेबांच्या पेटीत ठेवतात. एक जण तर घाईत चष्माच ठेवून गेला आणि दिवसभर दुसऱ्याच्याच शेडमध्ये काम करून आला!

विष्णू बारूद भरायच्या शेडमध्ये नवा. विड्या, काडेपेटी ठेवायची, मग त्याच पेटीतून मला काढून अठरावं पान वाचायचं, हा त्याचा नेम. त्याच्या बोटांचा घाम माझ्यात मुरलाय.

"अजून भिऊन राहिला का रे?" भय्यासाहेब विचारत.

"मी नाही जी, हा शालिग्राम!"

एका दुपारी धडाका झाला. पेले थडथडले, भोंगा ओरडू लागला, फाटक बंद झालं. तासाभरानं ते उघडलं आणि एकेक जण बाहेर येऊन आपलं सामान नेऊ लागला. शेवटी पेटीत मी उरलो आणि विष्णूच्या विड्या, काडेपेटी. माझी पानं एकमेकांना चिकटली.

त्याची बायको शैलजा धावत आली. "भय्यासाहेब, आमचे हे?"

"सामान इथंच हाय, बेटी." त्यांनी मला अठराव्या पानावर उघडून तिच्या हाती दिलं. "रोज हे पान वाचूनच आत जाते तो."

तिनं वाचलं. घरी तर तो सांगायचा, काम अगदी सोपं आहे.

अंधारता अंधारता विष्णू आला, केसांत राख. शेजारची शेड उडाली होती. माणसं जेवायला गेलेली, म्हणून वाचली. तो आग विझवायला थांबला होता.

"तुमाले भीती वाटते, हे मले काहून नाही सांगितलं?"

"तू भिशील ना."

"मग? एकट्यानंच भ्यायचा ठेका घेतला का तुम्ही?"

आता मी मदन महल वस्तीत त्यांच्या खोलीत असतो. सकाळी दोघं मिळून ते पान वाचतात, मग तो सायकल काढतो. संध्याकाळी पाच वाजले, की ती आणि मी दाराकडे कान लावून बसतो.

वाचकहो, बाकीची पानं गेली तरी चालतील, एवढं एक चिकटवून ठेवा. आज सहा वाजून गेलेत, आणि सायकलची घंटी अजून वाजली नाही.