बेरजेला नकार

त्या दुपारी सांख्यिकी विभागाच्या दालनात फरशीतून कंस उगवला. आधी डावा, पुरुषभर उंच, पोटाकडे वाकलेला. त्याच्या आत समोरच्या गल्लीतली माणसं एकामागून एक शिरत होती आणि शिरताक्षणी आपापल्या वयाचे आकडे होत होती. दोघांच्या मध्ये एकेक स्वल्पविराम उकिडवा बसे. उजवा कंस उगवला की सरासरी निघणार होती, आणि इतक्यांच्या जागी एकच कुणीतरी उरणार होतं.

नीलाक्षी याच विभागात नोकरीला होती. रांगेत तिला आई दिसली. आई आता अठ्ठावन्न होती. चेहरा तोच, फक्त कडा छापल्यासारख्या.

"आई, बाहेर ये."

"रांग मोडू होय? लोक काय म्हणतील!" अठ्ठावन्न म्हणाली. "शिवाय इथे गुडघे दुखत नाहीत गं."

विभागप्रमुख परचुरे कळफलकापाशी बसले होते. "चला नीलाक्षीबाई, वय सांगा नि शिरा आत. तुमच्यापायी माझा चहा निवतोय."

विभागात नवा येणारा प्रत्येकजण एक चूक हमखास करी. वयांच्या रांगेत एखाद्या आकड्याऐवजी शब्द टंकी. एका रांगेत एकाच प्रकारची मूल्यं राहतात. म्हणून तो एकटा शब्द शिरला, की सगळे आकडेही त्याच्यासारखे अवतरणचिन्हांत जाऊन शब्द होऊन बसत, आणि शब्दांची बेरीज होत नसे. या चुकीसाठी नीलाक्षीनेही कधीकाळी बोलणी खाल्ली होती.

ती आत शिरली. "नीलाक्षी," ती म्हणाली.

"वय, बाई, वय!"

"नीलाक्षी."

तिच्या दोन्ही खांद्यांवर अवतरणचिन्हं येऊन बसली, पाकोळ्यांसारखी हलकी. मग शेजारच्याच्या. मग आईच्या. उजवा कंस उगवला, पण सरासरी निघाली नाही.

परचुऱ्यांनी चहाचा घोट घेतला. "मी सगळ्यांना पुन्हा आकडे करीन. त्यांच्याजवळ वय आहे, ते होतील. तुमच्याजवळ नुसतं नाव. तुमच्या जागी भोक पडेल आणि ते मी वगळीन."

नीलाक्षीची बोटं विरू लागली होती. "वगळा," ती म्हणाली. "तुमच्या त्या एकात मी नसेन."

"माझ्या पोरीला वगळता?" आई पुढे सरली. "मग माझंही नाव घ्या."

"सुमित्राबाई ना? घेतो की. तेही वगळतो."

"ते लग्नातलं. ताटात तांदूळ पसरून ह्यांनी अंगठीने लिहिलं. मला कुणी विचारलं नव्हतं." आईने पदर खोचला. "मी त्याआधीचं सांगतेय."

घरात ते नाव कधीच उच्चारलं गेलं नव्हतं. रांगेतल्या साऱ्या माना वळल्या.

परचुऱ्यांचं बोट कळीवर टेकलं.

आईने तोंड उघडलं. आतून तांदळाचे दाणे गळू लागले, एकेक, मग ओंजळीने, मग कळफलक बुडाला, परचुऱ्यांचं मनगट बुडालं. आणि आई अजून पहिल्याच अक्षरावर होती.