‘वेन’ म्हणजे तर की तेव्हा

मी जर्मन-इंग्रजी शब्दकोश बोलतोय, मागल्या अर्ध्यात इंग्रजी-जर्मनही. अंगाने जाडजूड, निळ्या कापडी बांधणीचा. छापखान्यातून आलो तेव्हा माझी पानं एकमेकांना इतकी चिकटलेली होती, की पहिल्या मालकाला ती पातळ सुरीने सोडवावी लागली.

तो मालक अनुवादक होता. यंत्रांबरोबर येणाऱ्या जर्मन माहितीपुस्तिका तो इंग्रजीत करून द्यायचा. लोक त्याला पाठीमागे ‘स्वल्पविराम’ म्हणत, कारण एका स्वल्पविरामासाठी तो पायपीट करत छापखाना गाठायचा. माणूस कामात चोख. त्याच्या डाव्या कोपरापाशी माझी जागा होती. झडपा, दट्टे, वंगण असल्या शब्दांची माझी पानं त्याच्या अंगठ्याने काळी पडली होती.

कचेरीत नवं माणूस आलं की पहिल्याच दिवशी तो एक शब्द शिकवायचा. ‘वेन’.

“हा जर्मन ‘वेन’ इंग्रजीतल्या ‘व्हेन’सारखा दिसतो, पण दिसण्यावर जाऊ नका,” तो सांगायचा. “व्हेन म्हणजे जेव्हा. वेन म्हणजे जर. लाल दिवा लागला तर यंत्र बंद करा. लागेलच असं नाही.”

ऐकणारे मान डोलवत. मीही कधी हरकत घेतली नाही. बंद पुस्तक हरकत घेणार कशी?

एका दुपारी शेजारच्या गल्लीत कपडे दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या बाई पत्र घेऊन आल्या. त्यांचा मुलगा दूर, जर्मन बोलणाऱ्या मुलखात स्थायिक झाला होता. तिकडचीच बायको केली होती. तीन महिन्यांपूर्वी आजारपणात तो गेला. सुनेला इंग्रजी येत नव्हतं, बाईंना जर्मन. तो होता तोवर दोघींचा दुभाष्या तोच. आता सून सातव्या महिन्यात होती आणि मध्ये कुणी उरलं नव्हतं.

“एवढंच वाचून सांगा,” बाई म्हणाल्या. गळ्यातली मापाची टेप काढायचं भानही त्यांना नव्हतं.

आठ ओळींचं पत्र. टायपिस्टबाईंनी नेहमीप्रमाणे फाइलसाठी त्याची नक्कल करून घेतली. अनुवादकाने ते उभ्याउभ्या इंग्रजीत उतरवलं. मी हातभर अंतरावर होतो, पण मला उघडण्याची गरज त्याला वाटली नाही. शेवटची ओळ त्याने वाचून दाखवली. “तुम्ही आलात तर खोली तयार आहे.”

“आलात तर, असंच लिहिलंय?”

“असंच.”

बाईंनी कागदाची घडी केली आणि गेल्या. त्या पुन्हा काही आल्या नाहीत.

अकरा महिने लोटले. कचेरीत दूध तापवायच्या भट्टीची माहितीपुस्तिका चालू होती. टायपिस्टबाई मध्येच थांबल्या.

“साहेब, ‘पाणी उकळलं तर झडप उघडा’ असं लिहिलंय तुम्ही. खाली जाळ आहे. उकळलं तर काय, उकळणारच की. जाईल कुठे?”

अनुवादक हसला. मग हसू मावळलं. त्याने मला ओढलं आणि ‘वेन’चं पान काढलं. ते पान कोरं करकरीत होतं. एवढ्याशा रोजच्या शब्दासाठी कोण कोश उघडतो? पहिला अर्थ, इफ. त्याच्याच खाली दुसरा अर्थ, व्हेन. जर आणि जेव्हा, एकाच शब्दाच्या पोटात.

 त्याने कपाटातून जुन्या कागदांची फाइल काढली, पत्राची नक्कल शोधली, शेवटची ओळ पुन्हा वाचली. मला काखेत मारून तो बाहेर पडला तेव्हा टोपी टेबलावरच राहिली होती.

बाई एका कोटाचं अस्तर उसवत होत्या. त्याने आढेवेढे घेतले नाहीत.

“माझ्याकडून चूक झाली. ‘तुम्ही याल तेव्हा खोली तयार असेल’, असाही त्याचा अर्थ होतो. मी एकच सांगितला.”

बाईंनी कात्री खाली ठेवली.

“‘आलात तर’ म्हणजे नाही आलात तरी चालेल, असं मी समजले,” त्या म्हणाल्या. “मुलगाच नाही, मग त्याची आई कशाला, असं तिला वाटत असेल. नात झाल्याचं कार्ड आलं, तरी मी उत्तर दिलं नाही. ती आता रांगत असेल.”

“मग खरा अर्थ कुठला?” त्यांनी विचारलं.

“ते या पुस्तकात नाही,” अनुवादक म्हणाला. “ते तिलाच विचारावं लागेल. हे घेऊन जा, माझं मी दुसरं बघेन.”

आठवड्याभरात बाईंनी दुकानाला कुलूप लावलं. कपड्यांच्या पिशवीत, लोकरीच्या दोन झबल्यांमध्ये गुंडाळून त्यांनी मला नेलं.

सून चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात काम करायची. दार उघडलं तेव्हा तिच्या कडेवर पोर होतं. ती बाजूला झाली आणि तिने आतली खोली दाखवली. भिंती ताज्या पिवळ्या, पलंगावर धुतलेली चादर, खिडकीजवळ बसायला खुर्ची. अकरा महिने त्या खोलीत कुणी झोपलेलं नव्हतं.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर बाईंनी पत्र पसरलं, ‘वेन’चं पान उघडलं, एका अर्थावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर, आणि सुनेकडे पाहिलं.

सुनेला कळलं. तिने आधी दुसऱ्या अर्थावर बोट ठेवलं. बाईंचा चेहरा निवळला. पण बोट तिथे थांबलं नाही. ते हळूच वर सरकलं, पहिल्यावर. मग तिने पानं उलटून एक शब्द शोधला आणि बाईंपुढे धरला. भीती.

येतील तेव्हा, असं तिच्या मनात होतं. आल्या तर, अशी धाकधूक होती. लिहिताना तिलाच एक ठरवता आलं नव्हतं, आणि तिच्या भाषेने तिला ठरवायला लावलं नव्हतं.

बाईंनीही पानं उलटली. त्यांना वेळ लागला. त्यांनी दाखवलेला शब्द होता, मलाही.

त्याला आता सहा वर्षं झाली. बाई परत गेल्या नाहीत. पहिलं वर्षभर माझ्या पानांना उसंत नव्हती. मीठ, ताप, लंगोट, चुकलं, पुरे. आता दोघी एक खिचडी भाषा बोलतात. तिच्यात भांडतातही, आणि भांडताना मला कुणी उघडत नाही. माझा कणा निखळलाय. नात जेवायला बसते तेव्हा उंचीसाठी मी तिच्या खाली असतो.

माझी तक्रार नाही. सांगायचं आहे ते इतकंच. कुणी कागद घेऊन आलं आणि ‘एवढंच वाचून सांगा’ म्हणालं, तर उभ्याउभ्या सांगू नका. त्यांना बसायला द्या. कुणी लिहिलंय आणि कुणाला, ते विचारा. माझ्यात साठ हजार शब्द आहेत, पण तेवढं मात्र कुठल्याच पानावर नाही.