ड्रायव्हर काढायचा कसा

चष्मेवाल्याने त्या सकाळी दुकानाकडे जाता जाता सासूबाईंच्या घरात डोकावायला नको होतं. डोकावला ते डोकावला, वर त्यांचा कॉम्प्युटर उघडून "आई, अपडेट्स साचल्यात" म्हणत एक बटण दाबून मोकळा झाला. काही वर्षांपूर्वी त्यानेच त्यावरचं विंडोज काढून लिनक्स घालून दिलं होतं. तेव्हापासून नात्यात कुणाचा कॉम्प्युटर अडला की तो मिशीतल्या मिशीत हसायचा, "आमच्या आईंचा बघा, कधी कुरकुर नाही!"

सासूबाई एका साप्ताहिकासाठी शब्दकोडी रचायच्या. या आठवड्याचं कोडं दुपारपर्यंत पाठवायचं होतं. जावई गेल्यावर त्यांनी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, तर पडदा काळा ठिक्कर.

त्यांचा फोन आला तेव्हा चष्मेवाल्यासमोरच्या खुर्चीत एक बसड्रायव्हर बसला होता. लायसन्सच्या नूतनीकरणासाठी डोळे तपासून हवे होते, म्हणून गडी आधीच धास्तावलेला. नाकावर तपासणीची जड फ्रेम, एक डोळा झाकलेला. चष्मेवाल्याच्या दोन्ही हातांत भिंगं होती; त्याने कोपरानेच फोन स्पीकरवर टाकला.

"जावईबापू, काही म्हणता काही दिसत नाही!"

"अगदी काहीच नाही?"

"काळोख नुसता. कोपऱ्यात एक रेघ लुकलुकतेय, बस."

"म्हणजे ड्रायव्हरच खराब आहे," चष्मेवाला म्हणाला. "त्याला काढून टाकल्याशिवाय गत्यंतर नाही."

खुर्चीतला माणूस ताठ झाला. "अहो, पण अजून माझा दुसरा डोळा कुठे बघितलात?"

"तुम्ही नव्हे हो, काका! कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्र उमटवणारा प्रोग्राम असतो, त्यालाही ड्रायव्हरच म्हणतात. सकाळच्या अपडेटमधून त्याची नवी आवृत्ती आली, ती बिघडलेली निघाली."

"मग त्याला दुसरं काही नाव ठेवायचं ना," काका कुरकुरले, पण कान फोनकडेच लावून बसले.

"आई, कंट्रोल, आल्ट आणि एफ-तीन एकदम दाबा."

"आणि फोन कशात धरू, दातात?"

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग टकटक. "पांढरी अक्षरं आली. नाव विचारलं, ते टाकलं. आता पासवर्ड टाकतेय, पण एकही अक्षर उमटत नाही. कीबोर्डसुद्धा घालवलात वाटतं!"

"ते उमटतच नाही, आई. तसंच टाका आणि एंटर दाबा."

"चूक म्हणतंय." पुन्हा टकटक. "परत चूक."

"काय टाकताय ते सांगा बघू. मीच ठेवला होता ना तो पासवर्ड?"

"मी बदललाय."

"काय ठेवलाय?"

"ते कशाला हवंय तुम्हाला?"

"आई, कोडं जायचंय ना आज?"

पलीकडे घसा साफ केल्याचा आवाज. "अतिशहाणा जावई. सगळं जोडून."

काकांच्या नाकावरची फ्रेम गदगदा हलू लागली. चष्मेवाल्याचे कान लालबुंद झाले. तो शक्य तितक्या गंभीरपणे म्हणाला, "कॅप्स लॉकचा दिवा लागलाय का बघा."

"अगंबाई, लागलाय की!"

कॉम्प्युटरचं दार उघडलं एकदाचं. "आता लिहा. एस, यू, डी, ओ."

"काहीतरीच!" काका समोरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे डोळे बारीक करून म्हणाले. "वरच्या ओळीत ई आहे, चांगला ढळढळीत."

"काका, तुम्ही नका वाचू!"

"सूड-ओ?" फोनमधून सासूबाई म्हणाल्या. "सूड कुणावर उगवायचाय?"

"कुणावर नाही, आई. साहेबाच्या हुकुमाने काम करा, असं कॉम्प्युटरला सांगायचं. पुढे ए, पी, टी. मग जागा सोडून पी, यू, आर, जी, ई."

"पर्ज म्हणजे रेचक. याला जुलाब द्यायचाय?"

"तसंच समजा."

मग त्याने ड्रायव्हरचं लांबलचक नाव एकेक अक्षर करून सांगितलं. कॉम्प्युटरने पुन्हा पासवर्ड मागितला तेव्हा तो उगाचच भिंगं पुसत राहिला. ओळींमागून ओळी धावू लागल्याचं सासूबाई सांगत होत्या. शेवटी त्याने यंत्र पुन्हा सुरू करायला लावलं, आणि दोघंही पुरुष श्वास रोखून फोनकडे बघत बसले.

"आलं!" सासूबाई ओरडल्या. "माझं कोडं जिथल्या तिथे आहे!"

काकांनी टाळीसाठी हात पुढे केला. चष्मेवाल्याने भिंगं खाली ठेवून टाळी दिली.

"पण सगळं केवढं मोठं दिसतंय," फोनमधला आवाज म्हणाला.

"आता साध्या ड्रायव्हरवर चाललंय ना, म्हणून. संध्याकाळी येऊन चांगला बसवतो, मग होईल बारीक."

"खबरदार! इतके दिवस नाक पडद्याला लावून चौकोन भरत होते मी. आता ऐसपैस टेकून बसलेय. हात लावाल तर याद राखा."

कोडं वेळेत गेलं. काकांचा दुसरा डोळा तपासून झाला. दूरचं दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसत होतं. दाखला खिशात घालून ते शीळ घालत बाहेर पडले.

चष्मेवाला संध्याकाळी गेलाच. हात शिवशिवत होते त्याचे. सासूबाईंनी हसून स्वागत केलं, पाण्याचा तांब्या आणला आणि त्याच्यासाठी खुर्ची मांडली, कॉम्प्युटरपासून लांबात लांब, पार पलीकडच्या खिडकीपाशी.