बाभळीच्या सालीचं पानी

आमचे मालक, जानराव, हट्टी मानूस. डॉक्टरनं साखर सांगतली तवापासून चहा जास्तच गोड मागते. गोळ्या फळीवर पडून राह्यते.

यंदा त्याईच्या पायाले वास सुटला. परवा देवळात भजनाले चप्पल काढून बसले, तं बाजूचा मानूस नाकाले रुमाल लावून उठला. घरी आले ते तोंड पाडून. मृदंग हाती घेईनात. माह्या जीवाले लय लागलं.

माही सासू वासावर बाभळीची साल अन् कडुलिंबाचा पाला उकडे. त्याच्या कोमट पान्यात पाय बुडवाचे. तिची एकच कसोटी होती: झोंबलं म्हनजे लागू पडलं.

"झोंबते का जी?" मी विचारलं.

"काही नाही व."

मंग मी साल वाढवली. तरी काही नाही. मंग पानी जरा जास्त गरम. दुसऱ्या दिवशी आनखी. वास हटाचा तं उलटा वाढला, मेलेल्या उंदरासारखा. मले भेव वाटे.

आमची सून वंदना म्हने, "आत्याबाई, मामाजीले दवाखान्यात न्या. साखरेच्या मानसाचा पाय सुन्न पडते. हे आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी हाय."

"वासासाठी कोनी दवाखाना करते का?" मी तिले गप केलं. शिकलेल्या पोरी, लय बोलते.

आज सकाळी उकळतं पानी घमेल्यात ओतलं. गार मिसळाचं, तं घरातला हंडा रिकामा. "थांबा जी," म्हनलं अन् आंगनातल्या नळावर गेली. येऊन पाह्यते तं मालक पाय बुडवून, पेपर वाचत बसलेले. वाफ गुडघ्यापर्यंत. हंडा तसाच टाकला अन् घमेल्यात हात घातला. बोटं भाजून निघाली.

"काऊन व, काय झालं?" ते म्हने. "कोमटच तं हाय."

मी पाय ओढून बाहेर काढला. तळव्यात चपलेचा खिळा रुतलेला होता, गंजलेला, कोन जाने कधीचा. भोवती सारं काळं. अन् टाचेची कातडी सुटून माह्या हातातच राह्यली.

मालकानं चष्मा सारखा केला, वाकून पाह्यलं अन् सहज विचारलं, "कोनाचं व हे?"